राखेचा बुधवार

सन २०२६ च्या फेब्रुवारी महिन्यांत एकाच आठवड्यांत तीन व्रतें आमच्या मुखेड गांवीं एकामागून एक येऊन उभीं राहिलीं. रविवारीं, तारीख १५ रोजीं, महाशिवरात्र झाली, आणि दशरथेश्वराच्या जुन्या देवालयांत बेल वाहण्यास लोक लोटले. बुधवारीं, तारीख १८ रोजीं, कॅथॉलिक ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार आला. त्याच सुमारास चंद्रदर्शन होऊन मुसलमान बांधवांचे रोजेहि लागले. पहिलें व्रत आमच्या घरचें. तिसरें शेजारचें, लहानपणापासून पाहिलेलें. पण मधल्या व्रताविषयीं आम्हांस जवळजवळ कांहींच माहीत नव्हतें, आणि तें माहीत करून घेण्याचा योग ज्या कारणानें आला तें कारण आमच्या घरास फारसें भूषणावह नव्हतें.

घरांतील धाकट्या सूनबाईंना सातवा महिना लागला होता. शिवरात्रीचा उपवास त्यांनीं नेहमींप्रमाणें कडक केला. पाण्याखेरीज कांहीं घेतलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पारण्याच्या आधींच त्यांना घेरी आली, आणि दोन दिवस झाले तरी अशक्तपणा जाईना. बुधवारीं दुपारीं ओळखीच्या एक परिचारिका त्यांना पाहण्यास आल्या. बाई मूळच्या वसईकडच्या, ख्रिस्ती. कामाच्या निमित्तानें बरीच वर्षें आमच्या भागांत राहिलेल्या. सकाळीं नांदेडला उपासना आटोपून त्या तशाच परत आल्या होत्या, आणि त्यांच्या कपाळावर राखेची करड्या रंगाची खूण होती.

आमच्या आजींची दृष्टि मंद झाली आहे, पण इतकी नव्हे. त्यांनीं लगेच विचारलें, "बाई, आज सोमवार नाहीं, शिवरात्रहि झाली. मग ही विभूति कसली?"

बाई हंसल्या आणि म्हणाल्या, "आजी, आमचा आजपासून उपवासकाळ लागला. ही राख म्हणजे आमची विभूतीच म्हणा."

पुढें तासभर जें बोलणें झालें, आणि त्यानंतर आम्ही स्वतः जें वाचून पाहिलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. कोणाच्या धर्माची भलावण अगर निंदा करावयास आम्ही बसलों नाहीं. शेजाऱ्याचें व्रत समजून घेतां घेतां स्वतःच्या व्रताकडे नव्यानें पाहावें लागलें, एवढीच आमची हकीकत आहे.

प्रथम ती राख. मागील वर्षीं ईस्टरच्या आधींच्या रविवारीं, ज्याला आपल्याकडील ख्रिस्ती लोक झावळ्यांचा रविवार म्हणतात, देवळांत माडाच्या किंवा ताडाच्या झावळ्या मंत्रून वांटतात. येशू ख्रिस्तानें यरुशलेम नगरींत प्रवेश केला त्या वेळीं लोकांनीं त्याचें फांद्यांनीं स्वागत केलें, त्याची ही आठवण. त्याच झावळ्या वर्षभर घरीं जपून ठेवतात, आणि पुढच्या वर्षीं त्या जाळून त्यांची राख करतात. धर्मगुरु ती राख प्रत्येकाच्या कपाळीं लावतो, आणि तूं माती आहेस व मातीलाच मिळणार आहेस अशा अर्थाचें, किंवा पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेव अशा अर्थाचें वचन उच्चारतो. गेल्या वर्षीं जयजयकारासाठीं हातीं धरलेली पालवी यंदा राख होऊन कपाळीं बसते, ही कल्पना भस्माचा अर्थ जाणणाऱ्या आमच्या लिंगायत शेजाऱ्यांस परकी वाटूं नये. आमच्या आजींना तर ती ऐकतांक्षणींच पटली.

या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत उपवासकाळ चालतो. दिवस मोजूं गेल्यास ते शेहेचाळीस भरतात. पण त्यांतील सहा रविवार उपवासांत धरीत नाहींत, कारण रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा वार, आणि आनंदाच्या दिवशीं शोक करणें योग्य नव्हे. राहिले ते चाळीस. ख्रिस्तानें अरण्यांत चाळीस दिवस निराहार काढले, त्याचें हें स्मरण. या काळांत धर्मगुरूचीं वस्त्रें जांभळ्या रंगाचीं असतात, आणि 'आलेलुया' हा आनंदोद्गार उपासनेंतून वगळला जातो. शेवटच्या आठवड्यांतील गुरुवारच्या सायंकाळपासून घंटाहि मुक्या होतात, आणि त्यांच्या जागीं कित्येक ठिकाणीं लांकडी खुळखुळा वाजवितात. शुभ शुक्रवारीं, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या दिवशीं, वर्षांतून एकदांच असें होतें कीं मिस्सा हा मुख्य विधि कोठेंहि होत नाहीं. मग शनिवारच्या रात्रीं नवा अग्नि पेटवून त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात, घंटा वाजूं लागतात, आणि पुनरुत्थानाचा सण सुरू होतो.

आतां नियमांकडे वळूं, कारण आमच्या घरांतील खरा प्रश्न नियमांचाच होता. कॅथॉलिक धर्मसभेचा सध्यांचा कायदेसंग्रह सन १९८३ चा आहे. त्याप्रमाणें वर्षांतून दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. उपवास म्हणजे निराहार नव्हे. दिवसांतून एक वेळ पुरतें जेवण, आणि सकाळ-संध्याकाळ थोडा अल्पाहार, इतकी मोकळीक आहे. याशिवाय मांसवर्ज्यतेचा नियम आहे. तो मूळचा वर्षांतील प्रत्येक शुक्रवाराचा, पण त्याच्या जागीं दुसरी तपश्चर्या किंवा दानधर्म नेमण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशपमंडळास दिलेला आहे. मांसवर्ज्यतेचें बंधन चौदा वर्षें पूर्ण झाल्यावर लागतें. उपवासाचें बंधन अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर लागतें आणि साठावें वर्ष सुरू होतांच सुटतें. रोगी आणि गरोदर स्त्रिया यांना हें बंधन नाहीं.

पूर्वीं हे नियम पुष्कळच कडक होते. मिस्सेंतील प्रसाद घेण्यापूर्वीं मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबहि घ्यावयाचा नाहीं, असा दंडक शतकानुशतकें चालत आला होता. सन १९५३ मध्यें पाण्याची मोकळीक मिळाली, १९५७ मध्यें ती मर्यादा तीन तासांवर आली, आणि १९६४ मध्यें एका तासावर. सन १९६६ मध्यें सहावे पोप पॉल यांनीं उपवासाचे दिवस कमी केले. पण तसें करतांना तपश्चर्येचें कर्तव्य कमी झालेलें नाहीं, तें आतां प्रत्येकानें आपल्या बुद्धीनें व परिस्थितीप्रमाणें पुरें करावयाचें आहे, असें स्पष्ट सांगितलें. हें सोपें करणें कीं अवघड करणें, याचा विचार वाचकांनींच करावा. पोटाचा नियम पाळणें एक वेळ सोपें. स्वतःचा नियम स्वतः ठरवून पाळणें कठीण.

गरोदर स्त्रीस उपवास नाहीं हें बाईंनीं सांगितलें तेव्हां घरांत थोडी शांतता पसरली. आमच्याकडेहि अशक्तांस व गर्भिणीस सूट आहे; शास्त्रकारांनीं पाणी, फळें, दूध, औषध इत्यादींनीं व्रतभंग होत नाहीं असें म्हणून ठेविलें आहे, आणि आजाऱ्याचें व्रत दुसऱ्यानें करावें अशीहि तोड सांगितली आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत प्रायश्चित्तांचा विचार सन १९५३ च्या चौथ्या खंडांत, आणि व्रतांचा विचार १९५८ च्या पांचव्या खंडाच्या आरंभींच्या भागांत आला आहे. ज्यास जिज्ञासा असेल त्यानें तेथें पाहावें. सूट पुस्तकांत होती. आमच्या स्वयंपाकघरांत नव्हती. सूनबाईंना कोणीं उपवास कर म्हटलें नव्हतें हें खरें. पण करूं नको असेंहि कोणीं म्हटलें नव्हतें. एकत्र कुटुंबांत न बोललेला शब्द हाच पुष्कळदां आज्ञा ठरतो, हें आम्हां पुरुषमंडळींच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

उपवासकाळाचीं अंगें तीन मानितात: प्रार्थना, उपवास आणि दान. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत या तिहींविषयीं ख्रिस्ताचा उपदेश आहे, आणि त्याचें तात्पर्य एकच: जें करावयाचें तें लोकांस दाखविण्यासाठीं करूं नये. गंमत अशी कीं, हाच उतारा राखेच्या बुधवारीं मोठ्यानें वाचला जातो, आणि त्याच दिवशीं सर्वांना दिसेल अशी खूण कपाळीं लावली जाते. बाईंना आम्ही हा विरोध दाखविला. त्या म्हणाल्या, "म्हणूनच ती संध्याकाळपर्यंत टोंचत राहते. लोक बघतात, आणि आपण मनांतून तसे नाहीं हें आपल्याला ठाऊक असतें."

चौथें एक अंग आहे तें पापनिवेदनाचें. कॅथॉलिक मनुष्यानें वर्षांतून निदान एकदां तरी आपलीं गंभीर पापें धर्मगुरूपुढें एकान्तांत सांगावीं, पश्चात्ताप करावा, आणि तो सांगेल तें प्रायश्चित्त करावें असा नियम आहे. चोरी केली असेल तर चोरलेलें परत करणें, बदनामी केली असेल तर ती धुऊन काढण्याचा यत्न करणें, हेंहि त्यांत येतें. धर्मगुरूनें ऐकलेलें कोणत्याहि कारणास्तव बाहेर बोलावयाचें नाहीं. बोलल्यास त्याला कडक शिक्षा आहे. आमच्याकडील प्रायश्चित्तांत गोदान, कृच्छ्र, चांद्रायण यांचें गणित सूक्ष्म आहे. पण ज्याचें आपण वाईट केलें त्याच्या दाराशीं जाणें आम्ही बहुधा टाळतों. अर्थात् निवेदन करणारा प्रत्येक ख्रिस्ती मनुष्य तसें जातोच असें नाहीं. नियम कोठेंहि चांगलाच असतो. मनुष्य सर्वत्र सारखाच.

व्रतांबरोबर सणांकडेहि पाहिलें पाहिजे. कॅथॉलिक धर्मांत मूळ सण रविवार हाच. त्या दिवशीं मिस्सेला जाणें आणि शक्य तों कामधंदा बंद ठेवणें हें कर्तव्य आहे. त्याखेरीज नाताळ, ख्रिस्ताचें स्वर्गारोहण, १५ ऑगस्टचें मरियेचें स्वर्गोन्नयन, १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस इत्यादि दहा दिवस कायद्यानें पाळावयाचे म्हणून सांगितले आहेत. त्यांपैकीं कांहीं वगळण्याची किंवा रविवारावर नेण्याची मुभा बिशपमंडळास आहे. सण म्हणजे सुटी नव्हे. दुसऱ्याचें काम थांबवून त्यालाहि माणूस म्हणून उभें राहूं देणें, हा त्यांतील जुना भाव आहे. आमच्या वाचकांस आठवत असेल कीं, मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें. आणि रविवार हा खंडोबाचा वार, हें कारणहि त्यांनीं पुढें केलें होतें असें सांगतात. लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाची यात्रा पाहणाऱ्या आम्हां नांदेडकरांस तें कारण ऐकून कौतुक वाटतें. निजामी अमदानींत आमच्या वडीलधाऱ्यांची सुटी शुक्रवारीं असे. म्हणजे रविवार आमच्या गांवीं आला तो मागाहूनच.

भिंतीवरील दिनदर्शिकेचेंहि असेंच आहे. जिच्या कोपऱ्यांत आम्ही तिथि पाहतों, तिचे इंग्रजी आंकडे एका ख्रिस्ती व्रताच्या हिशेबापायीं सुधारले गेले. ईस्टरचा नियम असा: २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणारी जी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. म्हणजे सौर वर्ष, चांद्र तिथि आणि वार या तिहींचा मेळ घालावयाचा; पंचांग पाहणाऱ्यांस यांतील अडचण सांगावयास नको. जुन्या वर्षमानांत चूक सांचत जाऊन सोळाव्या शतकापर्यंत ऋतु आणि तारीख यांत दहा दिवसांचें अंतर पडलें. तेव्हां तेरावे पोप ग्रेगरी यांनीं सन १५८२ मध्यें ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं एकदम १५ ऑक्टोबर धरविला. इंग्रजांनीं ही सुधारणा १७५२ मध्यें स्वीकारली, आणि पुढें त्यांच्याबरोबर ती आमच्याकडे आली. सन २०२६ मध्यें चैत्री पौर्णिमेची हनुमानजयंती २ एप्रिलला, शुभ शुक्रवार ३ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला पडला, हा योगायोग नव्हे. दोघांचा चंद्र एकच. सन २०२४ मध्यें मात्र ईस्टर ३१ मार्चला, होळीच्या पौर्णिमेमागून आला, आणि हनुमानजयंती २३ एप्रिलला. आमच्या अधिकमासानें असा फरक अधूनमधून पडतो.

हीं व्रतें मराठी भाषेस नवीं आहेत असेंहि नाहीं. थॉमस स्टीफन्स नांवाचा इंग्रज जेझुइट सन १५७९ मध्यें गोव्यास आला, आणि त्यानें ख्रिस्ताचें चरित्र आमच्या पुराणांच्या धर्तीवर मराठी ओव्यांत रचिलें. तो ग्रंथ, 'क्रिस्तपुराण', सासष्टींतील रायतूर येथें १६१६ मध्यें रोमन लिपींत छापला गेला. त्याच्या ओव्या दहा हजारांहून अधिक आहेत. ज्ञानदेवांचा छंद ख्रिस्ताच्या दुःखभोगास लाभला, ही गोष्ट मराठी मनुष्यानें विसरण्यासारखी नाहीं. गोवा वेल्हा येथें उपवासकाळाच्या पांचव्या रविवारानंतरच्या सोमवारीं संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते. वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनीं १७३९ मध्यें घेतला. पोर्तुगीज गेले, पण तेथील ख्रिस्ती शेतकरी आपली भाषा, आपली वाडी आणि आपले उपवास धरून तेथेंच राहिले. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हरेगांव येथें सप्टेंबरांत मतमाउलीची यात्रा भरते; यात्रा आणि माउली हे दोन्ही शब्द कोठून आले हें वारकऱ्यांस सांगावयास नको. मराठवाड्यांत औरंगाबाद येथें कॅथॉलिक धर्मप्रांत १९७७ मध्यें स्थापन झाला. आणि जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं भूषविलें, ज्यांनीं 'सुबोध बायबल' मराठींत आणलें. ते २०२४ मध्यें निवर्तले.

व्रत तितकी पळवाट, हा अनुभव मात्र दोन्हींकडे सारखा आहे. मांस वर्ज्य, पण मासळी वर्ज्य नाहीं. म्हणून शुक्रवारीं महागडी मासळी आणून मेजवानी करणारे लोक आहेत, असें बाईंनींच हंसत सांगितलें. आमच्या घरच्या एकादशीस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू आणि रताळ्याचे काप यांची जी आरास होते, ती पाहतां आम्हांस बोलण्यास तोंड नाहीं. यशया संदेष्ट्यानें जुन्या काळींच आपल्या लोकांस बजावलें होतें कीं, मान लववून राखेंत बसणें हा देवाला हवा असलेला उपवास नव्हे. भुकेल्यास आपल्या भाकरींतला वांटा देणें आणि जोखडाखालीं दबलेल्यास मोकळें करणें हा खरा. पहिल्या गोष्टीकरितां थोडें धान्य पुरतें. दुसरीकरितां घरांतील माणसांकडे पाहावें लागतें.

पहिल्या गोष्टीचा अनुभव आम्हांस एकदां आला होता. सन २०२५ च्या १८ ऑगस्टला श्रावणाचा शेवटचा सोमवार होता. रात्रींच्या अतिवृष्टीनें लेंडी धरणाच्या परिसरांतील रावणगांव, हसनाळ इत्यादि गांवांत पाणी शिरलें; माणसें गेलीं, गुरें गेलीं, संसार वाहून गेले. आमच्या घरीं सकाळपासून उपवास होता, आणि सायंकाळीं सोमवार सोडण्यासाठीं गोडाधोडाची तयारी चालली होती. बातमी कळतांच आजींनीं स्वयंपाक थांबविला. "आज सोमवार पिठलंभाकरीवर सोडायचा," असें म्हणून त्यांनीं धान्याची कोठी उघडविली, आणि गांवांतून जी मदत निघाली तींत आमच्या घरचीं पीठ-डाळीचीं पोतीं गेलीं. त्या दिवसाचा उपवास आम्हां सर्वांच्या ध्यानांत राहिला. त्याआधींचे किती सोमवार आले आणि गेले, त्यांपैकीं एकहि आठवत नाहीं.

राखेच्या बुधवारीं आजींना तोच दिवस आठवला असावा. बाई निघूं लागल्या तेव्हां त्या बराच वेळ गप्प होत्या. आमच्या आजी तिशींतच विधवा झाल्या. त्यानंतरचीं पन्नासांवर वर्षें त्यांनीं एकादश्या, प्रदोष, चातुर्मास यांतच काढलीं, आणि त्यांच्या निष्ठेचें आम्ही सर्व मोठ्या अभिमानानें वर्णन करीत आलों आहों. त्या दिवशीं त्या शांतपणें म्हणाल्या, "माझ्या उपासांतले निम्मे मी केले नाहींत, ते माझ्याकडून झाले. कुणी विचारलं नाहीं, आणि मीहि बोलले नाहीं. देवाच्या खातीं त्यांतले किती जमा झाले असतील कोण जाणे."

यावर कोणास कांहीं बोलतां आलें नाहीं. बाईंनीं वांकून त्यांना नमस्कार केला, आणि सूनबाईंना दूधभात खाण्यास सांगून त्या गेल्या. त्यांनीं स्वतः मात्र आमच्या घरीं पाण्यावांचून कांहीं घेतलें नाहीं. आग्रह करूं नये हें त्या दिवशीं आम्हांस प्रथमच कळलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आजींनीं सर्वांना देवघरापाशीं बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. गर्भारपणांत, बाळंतपणांत, आजारपणांत आणि साठीनंतर या घरांत कोणींहि कडक उपवास करावयाचा नाहीं. आणि ही सवलत मागावी लागणार नाहीं, तो घरचा नियम समजावा. दुसरी गोष्ट अशी कीं, एकादशीस जें शिजणार नाहीं तें मोजून वेगळ्या डब्यांत टाकावयाचें, आणि महिन्याच्या शेवटीं डबा ज्याला गरज असेल त्याच्या घरीं पोंचवावयाचा. कोणाकडे गेला हें बोलावयाचें नाहीं.

साठीचा नियम प्रथम आजींनाच लागू पडतो, हें घरांतील एका लहान मुलानें लगेच ध्यानांत आणून दिलें. आजी म्हणाल्या, "माझं आतां सवयीचं झालंय, मला धरूं नका." पण पुढच्या एकादशीस सूनबाईंनीं त्यांच्यापुढें वरणभाताचें ताट आणून ठेविलें आणि समोर बसून राहिल्या. आजींनीं त्यांतला एक घांस खाल्ला, मग दुसरा. डब्यांत त्या दिवशीं एक वाटी तांदूळ कमी पडले, आणि त्याबद्दल कोणासहि वाईट वाटलें नाहीं.